बाबांच्या कॉम्प्युटरवरून सॉफ्टवेअर मुळापासून कसं काढायचं?

कराडची_कोयना
रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. विषय किरकोळ वाटेल पण माझं डोकं उठलंय. बाबा कराडला, मी पुण्यात. त्यांच्याकडे २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज १०, आणि तेव्हापासून घरात जो कोणी आला त्याने त्यावर काही ना काही टाकून ठेवलंय. दुरुस्तीवाल्याने एक अँटीव्हायरस टाकला, चुलतभावाने दुसरा, तिसरा कुठल्यातरी पीडीएफच्या सॉफ्टवेअरबरोबर फुकटात आला. भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर आहे, पत्रिका बघायचं एक आहे, आणि रोज सकाळी बरोब्बर नऊ वाजता अर्धा स्क्रीन झाकणारी पाटी येते की तुमची मुदत संपली, पैसे भरा.

गेल्या रविवारी क्विक असिस्टने इथून त्यांचा स्क्रीन घेतला आणि (हसू नका) सरळ प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन दोन फोल्डर शिफ्ट डिलीट मारले. आता झालंय असं की कॉम्प्युटर चालू केला की 'स्पेसिफाइड मॉड्यूल सापडत नाही' अशी चौकट येते, यादीत त्या दोघांची नावं अजून आहेतच, त्यातल्या पीडीएफवाल्यावर अनइन्स्टॉल दाबलं की तो ई ड्राइव्हवरची कुठलीतरी एमएसआय फाइल (ज्यावरून सॉफ्टवेअर टाकतात ती) मागतो. ई ड्राइव्हच नाहीये! तो बहुतेक दुरुस्तीवाल्याचा पेन ड्राइव्ह होता. आणि नऊची पाटी आहे तशीच आहे.

तर, मागमूस न ठेवता सॉफ्टवेअर काढायची रीत काय? फॉरमॅट सांगू नका, सोसायटीचा सगळा हिशोब त्यावर आहे.

रिकामटेकडा_१
फॉरमॅट.

कराडची_कोयना
शेवटची ओळ वाचा ना दादा.

रिकामटेकडा_१
वाचली. तरी फॉरमॅट.

नाना_निपाणीकर
रविवार, रात्री ११.४८

कोयनाताई, आधी काय बिघडलं ते समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी हात आवरेल. सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतं तेव्हा ते मांडववाल्यासारखं काम करतं. मांडववाला वहीत लिहितो, इतके बांबू, इतकं कापड, इतक्या खुर्च्या, आणि लग्न झालं की त्या वहीवरून मोजून घेऊन जातो. तुम्ही काय केलंत तर बांबू पण जाळले आणि वही पण जाळली. आता मांडववाला दारात उभा राहून विचारतोय माझी वही कुठंय.

ही वही कुठे कुठे असते बघा. कित्येक सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये 'अनइन्स झिरो झिरो झिरो' नावाच्या दोन फाइल दिसतात, एक ईएक्सई, एक डॅट. डॅट म्हणजे वही. एमएसआयवाल्यांची वही सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये इन्स्टॉलर नावाचं लपवलेलं फोल्डर असतं तिथे जाते. तुमचा पीडीएफवाला ई ड्राइव्ह मागतोय त्याचा अर्थ ती तिथली प्रत गायब आहे, म्हणून तो मूळ फाइल जिथून आली तिथे शोधायला निघालाय. घरात कोणी जागा करायला म्हणून ते फोल्डर रिकामं केलं होतं का, विचारा बरं.

आणि मांडव गेला तरी खड्डे राहतात, ते वहीत नसतात. सॉफ्टवेअर वापरताना मागाहून ज्या फाइल तयार झाल्या, सेटिंग, लॉग, कॅशे, त्या बऱ्याचदा तशाच राहतात. अ‍ॅपडेटामध्ये लोकल आणि रोमिंग, आणि प्रोग्रामडेटा (हे पण लपवलेलं असतं) इथे शोधा. काही वेळा मुद्दामच ठेवतात, परत टाकलं तर तुमची सेटिंग मिळावीत म्हणून, त्यात सगळी लबाडीच असते असं नाही.

उपाय साधा आहे. जे फोल्डर उडवलंत तेच सॉफ्टवेअर, जमलं तर त्याच व्हर्जनचं, पुन्हा इन्स्टॉल करा. वही परत तयार होईल. मग रीतसर काढा.

कराडची_कोयना
काढण्यासाठी परत टाकायचं?? 😀 पण पटलं. इन्स्टॉलर फोल्डरचं चुलतभावाला विचारलं. त्याने अभिमानाने सांगितलं की मीच काकांना जागा करून दिली होती.

पेठेतला_भुंगा
चुलतभाऊ अनइन्स्टॉल करायची काही सोय?

सुमेधा_डोंबिवली
सोमवार, सकाळी ९.०५

अँटीव्हायरसचं वेगळं असतं, नानांची रीत तिथे पुरत नाही. ते खोलवर बसतात, सर्व्हिस, ड्रायव्हर, सगळं, आणि स्वतःला कोणी हात लावू नये अशी सोय करून ठेवतात कारण व्हायरस पण आधी त्यांनाच मारायला बघतो. म्हणून बहुतेक मोठ्या कंपन्या स्वतःचं वेगळं रिमूव्हल टूल देतात. ते त्या कंपनीच्याच साइटवरून घ्यायचं, कुठल्या तिसऱ्याच साइटवरून नाही. सेफ मोडमध्ये जायचं (शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट), टूल चालवायचं, रीस्टार्ट. एका वेळी एकच काढा, प्रत्येकानंतर रीस्टार्ट. तिन्ही गेले की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो, दुसरा कोणी असला की तो मागे सरकून बसलेला असतो. मी ऑफिसात हेच करते दिवसभर.

कृष्णाकाठचा_गडी
आमच्याकडं एकाच मशीनवर दोन अँटीव्हायरस होते तवा माऊस हलवला की चहा करून यायचो. एक काढला तर नुसतं पळाय लागलं राव.

खिडकी_उघडा
कशाला एवढा उपद्व्याप, रजिस्ट्री क्लीनर टाका (रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंगची वही), एका क्लिकमध्ये सगळं साफ. मी दर आठवड्याला चालवतो, दर वेळी पाचसहाशे चुका निघतात.

नाना_निपाणीकर
दर आठवड्याला पाचसहाशे निघत असतील तर साफ काय होतंय नक्की?

सुमेधा_डोंबिवली
खिडकी, प्लीज नको. रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात, त्यातल्या हजार मेलेल्या राहिल्या तर वेगात काडीचा फरक पडत नाही. उलट चुकून जिवंत नोंद उडाली तर बोंब. मायक्रोसॉफ्टने लेखी सांगितलंय की असल्या क्लीनरला आमचा पाठिंबा नाही. त्यांचंच एक विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप नावाचं टूल होतं, ते दुसऱ्या सॉफ्टवेअरचे भाग बिघडवतंय म्हणून त्यांनी २०१० मध्ये स्वतःच मागे घेतलं. आणि सीसीक्लीनर हा असलाच एक क्लीनर आठवतोय का, २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या अधिकृत डाउनलोडमध्येच कोणीतरी घातक कोड घुसवला होता, जवळजवळ महिनाभर लोक तेच उतरवत होते, वीस लाखांहून जास्त मशीनवर गेलं. साफसफाईच्या बाईनेच चोराला किल्ली दिल्यासारखं.

पेठेतला_भुंगा
साफसफाईच्या बाईला मध्ये आणू नका. आमच्या मावशी माझ्यापेक्षा प्रामाणिक आहेत.

सुमेधा_डोंबिवली
चूक मान्य. तिच्या किल्लीचा कोणी ठसा घेतला, असं म्हणते.

खिडकी_उघडा
मला तर फास्ट वाटतो बुवा.

टक्सोबा
सोमवार, दुपारी १.२०

लिनक्स वापरा, हे प्रश्नच येत नाहीत. एक ओळ लिहिली की पॅकेज गेलं.

रिकामटेकडा_१
आले. धाग्याला पूर्णत्व आलं.

सुमेधा_डोंबिवली
टक्सोबा, खरं सांगा. 'अ‍ॅप्ट रिमूव्ह' केलं की इटीसी फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइल राहतात की नाही? त्याला 'पर्ज' लागतं. आणि पर्ज केलं तरी होम फोल्डरमधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल तशाच. मग सोबत आलेली पॅकेजेस काढायला ऑटोरिमूव्ह वेगळं.

टक्सोबा
हो पण त्या कुठे आहेत ते तरी कळतं.

गोंयकार_मॅकवाला
मॅकवर अ‍ॅप उचलून ट्रॅशमध्ये टाकलं की झालं असं मी सहा वर्षं समजत होतो. मग एकदा लायब्ररी फोल्डर उघडून बघितलं, त्यात अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये २०१५ पासूनचे सगळे पितर बसलेले. म्हणजे खड्डे इथे पण आहेत हां नाना.

छापखान्यातला_बाळू
सोमवार, रात्री १०.३२

मी सहसा लिहीत नाही नुसता वाचतो, पण मागमूस न ठेवता काढायचं म्हणताय म्हणून लिहितो. आमचा छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, देवस्थानाच्या पावत्या, गावचा एक दिवाळी अंक. मराठीसाठी जुनं एक सॉफ्टवेअर होतं, कंपनीचं नाव घेत नाही, मागे पॅरलल पोर्टला लॉक लावायचं ते. युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर देणारी आजची पद्धत) वापरायला लागलो तेव्हा पोरगा म्हणाला आता त्या जुन्याचं काय काम, आणि त्याने ते एकदम व्यवस्थित काढलं, रीतसर अनइन्स्टॉल, मग एका अनइन्स्टॉलरने उरलंसुरलं शोधून तेही डिलीट. काही उरलं नाही.

दोन दिवसांनी एक गिऱ्हाईक आलं, थोरल्या मुलाची पत्रिका तुमच्याकडेच केली होती, तशीच धाकट्याची पाहिजे, फक्त नावं बदला. फाइल उघडली तर "श्री गजानन प्रसन्न" च्या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेली ओ आणि यू, मध्येच प्लस, मध्येच पाउंडाची खूण. दुसरी फाइल उघडली तीच गत. बारा वर्षांच्या फाइल. सॉफ्टवेअर गेलं तसे त्याने टाकलेले फॉन्ट पण गेले. जुन्या पद्धतीत फाइलमध्ये 'क' म्हणून काही नसतंच, रोमन अक्षराचा नंबर असतो आणि फॉन्ट त्या जागी क चं चित्र दाखवतो. फॉन्ट गेला की उरतो नुसता नंबर. मी गिऱ्हाइकाला म्हटलं लाइट गेलीय उद्या या. लाइट चालू होती, पंखा फिरत होता वर.

वाचलो कसा तर गोडाऊनमध्ये एक जुना सीपीयू होता, त्याच्या हार्डडिस्कमध्ये विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये सगळे सापडले. ते कॉपी केले, फाइल वाचायला लागल्या. पण एडिटिंगच्या सोयी त्या सॉफ्टवेअरच्याच होत्या त्या गेल्याच, आता कन्व्हर्टरने एकेक फाइल युनिकोडमध्ये नेतोय, रफार आणि जोडाक्षरं हाताने दुरुस्त करावी लागतात. 'वर्षा' चं 'वषार्' होतं.

तर ताई, काढायच्या आधी बघा की बाबांच्या फाइल कशावर उभ्या आहेत. सोसायटीचा हिशोब कशात आहे?

कराडची_कोयना
बापरे बाळूदादा. आत्ताच बाबांना फोन केला. हिशोब एक्सेलमध्ये आहे, पण 'मिटिंगची इतिवृत्तं त्या जुन्या मराठीत आहेत' असं म्हणाले. ते जुनं मराठी म्हणजे माझ्या काढायच्या यादीतलं चौथं नाव होतं.

छापखान्यातला_बाळू
हात लावू नका त्याला.

नाना_निपाणीकर
आधी फॉन्ट्स फोल्डर आणि ती इतिवृत्तं पेन ड्राइव्हवर घ्या. आणि इतिवृत्तांची पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरला जातो, निदान वाचता तरी येईल. हिशोबाचं पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडे असेल त्यांनी पण लक्षात ठेवा, कित्येकांचं लायसन्स आधी परत करावं लागतं, सरेंडर किंवा डीअ‍ॅक्टिव्हेट, मगच काढायचं. नाहीतर नव्या मशीनवर टाकताना म्हणतं तुमचं लायसन्स वापरात आहे.

जुना_खेळाडू
मंगळवार, रात्री १२.४०

अवांतर आहे पण राहवत नाही. १९९८ च्या शेवटी मिथ टू नावाचा गेम आला होता. तो नेहमीच्या फोल्डरमध्ये न टाकता थेट ड्राइव्हच्या मुळाशी टाकला आणि मग अनइन्स्टॉल केला तर तो गेमचं फोल्डर समजून अख्खा ड्राइव्ह पुसायचा! डबे दुकानात जायच्या बेतात असताना हे लक्षात आलं, बंजी कंपनीने सगळे परत बोलावले. मागमूस न ठेवणं म्हणतात ते हे. आणि उलटा नमुना २००५ चा, सोनी बीएमजीच्या ऑडिओ सीड्या. सीडी घातली की कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये लपून बसायचं. बोंबाबोंब झाल्यावर काढायचं टूल दिलं तर त्या टूलनेच ब्राउझरमध्ये नवीन भोक पाडलं. शेवटी सीड्याच परत घ्याव्या लागल्या. ते लपलेलं शोधून काढणारा मार्क रुसिनोविच, त्याचं ऑटोरन्स नावाचं फुकट टूल आहे, आता मायक्रोसॉफ्टच देतं.

सुमेधा_डोंबिवली
अवांतरात उत्तर आलं! कोयना, तुझ्या चौकटीवर हेच औषध. चालू होताना कोणाकोणाला उठवायचं याच्या नोंदी विंडोजमध्ये अनेक जागी असतात, तू घरमालक उडवलास पण दूधवाल्याकडे पत्ता अजून आहे, तो रोज येऊन बेल वाजवतो. ऑटोरन्स अ‍ॅडमिन म्हणून उघड, ज्या नोंदीची फाइलच सापडत नाही ती पिवळी दिसते. पिवळीतली तुझ्या सॉफ्टवेअरच्या नावाची शोध आणि फक्त टिक काढ, डिलीट नको. रीस्टार्ट करून बघ, दोनतीन दिवस नीट चाललं तर मग डिलीट. गुलाबी दिसेल ते सगळं वाईट नसतं, घाबरून उडवू नकोस.

नऊची पाटी टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम सुरू करायची विंडोजची सोय) असणार. इतकी वेळेवर दुसरं कोणी येत नाही.

आणि शट डाउन करून परत चालू करू नकोस, रीस्टार्टच कर. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असला की शट डाउन म्हणजे अर्धी झोप असते. काढताना वापरात असलेल्या फाइल 'पुढच्या वेळी उडवू' म्हणून ठेवलेल्या असतात, त्या रीस्टार्टलाच जातात. निम्म्या लोकांचं 'काढलं तरी गेलंच नाही' इथे अडकलेलं असतं.

खिडकी_उघडा
हे मला माहीत नव्हतं. दहा वर्षं शट डाउनच करतोय.

न्यूजर्सीची_माहेरवाशीण
मी पण इकडून आईचा कॉम्प्युटर असाच सांभाळते. एक सुचवते, सगळ्यात आधी कुणाचं रिमोटचं अ‍ॅप राहिलंय का बघ, दुरुस्तीवाले टाकतात आणि पासवर्ड कायमचा ठेवून जातात. आईच्या मशीनवर दोन निघाली. माणसं भली असतील, पण दार उघडं का ठेवायचं.

आणि ई ड्राइव्ह मागणाऱ्याची मूळ फाइल मिळालीच नाही तर मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर आहे, यादीतून नाव निवडलं की त्याच्या अडकलेल्या नोंदी काढतो. माझं दोनदा काम झालंय. प्रिंटरचं मात्र यादीतून काढून ड्रायव्हर जात नाही, प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर्सचा टॅब असतो तिथून 'ड्रायव्हर आणि पॅकेज' दोन्ही काढ.

टक्सोबा
सगळं खरं, पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २०१७ चं मशीन म्हणजे प्रोसेसर बहुधा सातव्या पिढीचा, विंडोज ११ घेणार नाही. म्हणून परत एकदा नम्रपणे...

रिकामटेकडा_१
लिनक्स. किंवा फॉरमॅट. आमची युती झालीय.

कराडची_कोयना
शनिवार, रात्री ९.१५

अपडेट देते. क्विक असिस्ट नेमकं अडकलं म्हणून पहिला अर्धा तास फोनवर. मी म्हटलं बाबा विंडोजचं बटण आणि आर दाबा आणि लिहा अ‍ॅपविझ डॉट सीपीएल (त्याने सॉफ्टवेअर काढायची यादी उघडते). म्हणाले 'नाही सापडत म्हणतंय'. तीन वेळा. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवला तर त्यांनी शुद्ध देवनागरीत लिहिलं होतं, अ ला अर्धचंद्रासकट, मध्ये 'डॉट' पण अक्षरात.

पेठेतला_भुंगा
😂😂 अर्धचंद्र दिला म्हणजे अनइन्स्टॉलच की!

कराडची_कोयना
मग क्विक असिस्ट चालू झालं. बॅकअप आधी. फॉन्ट्स, इतिवृत्तं, पीडीएफ, सगळं दोन पेन ड्राइव्हवर. तिन्ही अँटीव्हायरस गेले, दोन त्यांच्या टूलने. तिसऱ्याचं फोल्डर मी उडवलं होतं तो नानांच्या रीतीने, परत टाकून मग काढला. पीडीएफवाला ट्रबलशूटरने गेला. ऑटोरन्समध्ये पिवळ्या अकरा निघाल्या, चार आपल्या होत्या, टिक काढल्या, चौकट बंद. रिमोटचं एक अ‍ॅप निघालं, ते पण गेलं. पत्रिकेचं काढू दिलं नाही, म्हणाले तुझ्या लग्नाच्या वेळी लागेल. जुन्या मराठीला हात लावला नाही बाळूदादा.

छापखान्यातला_बाळू
छान केलंत.

नाना_निपाणीकर
आणि नऊची पाटी?

कराडची_कोयना
सोमवार, सकाळी १०.४०

गेली. टास्क शेड्युलरमध्येच होती. पण आज सकाळी साडेनऊला आईचा फोन, बाबांनी बीपीची गोळी दोन दिवस घेतलीच नाहीये. का, तर ती पाटी आली की ते गोळी घ्यायचे! 'नऊ वाजले की ते यायचं, आता येत नाही, बिघडलंय काहीतरी' असं म्हणत होते म्हणे.

फोनवर अलार्म लावू म्हटलं तर फोन दुसऱ्या खोलीत असतो. म्हणून आत्ता परत क्विक असिस्ट केलं आणि टास्क शेड्युलरमध्ये माझ्या हाताने नवीन टास्क टाकला. रोज सकाळी नऊला नोटपॅडची एक फाइल उघडते, त्यात मोठ्या अक्षरात 'बाबा, गोळी' एवढंच लिहिलंय.

रिकामटेकडा_१
पैसे भरा असं पण लिही खाली, त्यांना चुकल्यासारखं वाटेल नाहीतर.

छापखान्यातला_बाळू
फाइल युनिकोडमध्ये आहे ना?